कॉलम मोडण्याआधी किती वाकतो: काँक्रीटच्या कॉलमांची ताकद आणि तन्यता

९ फेब्रुवारी १९७१ रोजी पहाटे कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडो परिसरात भूकंप झाला, तेव्हा ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटलची नवी इमारत नुकतीच वापरात आली होती. भूकंपानंतर तिचा खालचा मजला बाजूला सरकून डोळ्यांना सहज दिसेल इतका तिरका झाला होता, आणि त्याच मजल्यावर दोन तऱ्हांचे कॉलम जवळजवळ उभे होते. ज्या कॉलमांत उभ्या सळयांभोवती दाट स्पायरल, म्हणजे मळसूत्रासारखी वळवलेली सळई, गुंडाळलेले होते, त्यांचे बाहेरचे कव्हर, म्हणजे सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर, गळून पडले होते आणि ते वाकलेलेही होते, पण त्यांचा आतला गाभा शाबूत होता आणि वरच्या मजल्यांचे वजन ते अजून पेलत होते. कोपऱ्यांवरच्या कॉलमांत मात्र सुट्या, विरळ रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्या, होत्या. त्यांच्यातले काँक्रीट चुरा होऊन सांडले होते आणि उभ्या सळया उघड्या पडून बाहेरच्या बाजूला वाकल्या होत्या. हादरा तोच होता आणि इमारतही तीच होती. काही कॉलम वाकून उभे राहिले आणि काही फुटून संपले, यातला मोठा फरक होता तो या आडव्या पोलादाचा, म्हणजे स्पायरलचा आणि रिंगांचा.

कॉलमची ताकद आणि कॉलमची तन्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक वाढवली म्हणजे दुसरी आपोआप वाढते असे नाही, हे मला या लेखात शक्य तितके सविस्तर सांगायचे आहे. काही वेळा तर एक वाढवताना दुसरी कमी होते. बांधकामाच्या जागी बहुतेक बोलणे ताकदीचे होते: कोणत्या ग्रेडचे काँक्रीट, किती जाडीच्या सळया, क्यूबचा (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) निकाल काय आला. तन्यतेचा विषय सहसा निघत नाही, कारण नेहमीच्या दिवसांत तिची गरजच पडत नाही. तिची गरज पडते ती इमारतीच्या आयुष्यात कदाचित एकदाच, आणि तेही काही सेकंदांपुरती.

तन्यता म्हणजे नेमके काय

तन्यता आणि लवचिकता यांची नेहमी गल्लत होते. रबर ताणले आणि सोडले तर ते मूळ आकारात परत येते, ही लवचिकता. तांब्याची तार वाकवली तर ती वाकलेलीच राहते, पण तुटत नाही, आणि वाकलेल्या स्थितीतही ओढ सहन करत राहते, ही तन्यता. खडू मात्र वाकतच नाही, त्याचा एकदम तुकडा पडतो. काँक्रीट हे मूळचे खडूच्या जातीचे आहे. दाबाखाली त्याची लांबी साधारण ०.३ ते ०.३५ टक्के कमी झाली की ते चिरडते. तीन मीटर उंचीचा कॉलम वरपासून खालपर्यंत सारखाच दबला असे धरले तर ही घट सुमारे १० मिलिमीटर भरते, म्हणजे बोटाच्या पेराहूनही कमी. पोलादाची सळई मात्र तुटण्याआधी १२ टक्के किंवा त्याहूनही जास्त ताणली जाते. या दोन विजोड पदार्थांना एकत्र बांधून कॉलम तयार होतो, आणि त्याने खडूसारखे वागायचे की तारेसारखे, हे ते कसे बांधले आहेत यावर ठरते.

अभियंते तन्यता एका गुणोत्तराने मोजतात. समजा, कॉलमचे डोके बाजूला ढकलत नेले आणि २० मिलिमीटर सरकल्यावर आतल्या सळया प्रथमच कायमच्या ताणल्या जाऊ लागल्या, म्हणजे नमल्या. एखादा कॉलम २५ मिलिमीटरला फुटला तर त्याचे गुणोत्तर सव्वा झाले, आणि दुसरा १०० मिलिमीटरपर्यंत भार पेलत राहिला तर ते पाच झाले. दोघांनी सहन केलेले सर्वांत मोठे बल जवळपास सारखेच असू शकते, त्यामुळे नुसत्या ताकदीच्या आकड्यात हे दोन कॉलम एकमेकांसारखे दिसतात.

हा पाचाचा आकडा चैन म्हणून मागितलेला नसतो. मोठ्या भूकंपात इमारत जराही इजा न होता, पूर्ण लवचिक राहून उभी ठेवायची असेल तर तिच्यावर जेवढे आडवे बल येईल, त्याच्या काही भागासाठीच इमारतीची रचना केली जाते. जगभरच्या भूकंपविषयक संहिता ते बल तीनाने, पाचाने, काही ठिकाणी आठानेही भागायला परवानगी देतात. ही सवलत एका अटीवर मिळते: सांगाडा नमेल, वाकेल, त्याला तडे जातील, पण तो कोसळणार नाही. थोडक्यात, रचनेच्या कागदावरच तन्यता गृहीत धरलेली असते. प्रत्यक्ष बांधकामात ती उतरली नाही, तर कॉलम एका अशा बलापुढे उभा असतो ज्यासाठी त्याची ताकद कधी मोजलेलीच नव्हती.

काँक्रीटला आवळून धरण्याची ताकद

कोणतीही वस्तू वरून दाबली की ती बाजूंनी थोडी फुगते. काँक्रीटही फुगते. सुरुवातीला हे फुगणे नगण्य असते, पण भार काँक्रीटच्या ताकदीच्या तीनचतुर्थांशाच्या आसपास गेला की आतले सूक्ष्म तडे उभ्या दिशेने वाढू लागतात, एकमेकांना मिळतात आणि फुगण्याचा वेग एकदम वाढतो. काँक्रीट दाबाखाली फुटते असे आपण म्हणतो खरे, पण बारकाईने पाहिले तर ते बाजूंना फाटत जाऊन फुटते. हे एकदा लक्षात आले की उपायही दिसू लागतो: त्याला बाजूंना सरकूच द्यायचे नाही. मोकळ्या वाळूच्या ढिगावर उभे राहिले तर वाळू पायाखालून पसरते. तीच वाळू घट्ट शिवलेल्या पोत्यात भरली तर त्यावर मोठे वजन ठेवता येते. वाळूत काही बदललेले नसते, फक्त तिला आवळून धरणारे काहीतरी आलेले असते. काँक्रीटला अशा रीतीने आवळून धरण्याला कन्फाइनमेंट म्हणतात.

फ्रेंच अभियंता आर्मां कॉन्सिदेर याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पोलादी स्पायरलने वेढलेल्या काँक्रीटवर प्रयोग करून हा गुण दाखवला होता. पुढे १९२८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट, ब्रँडझेग आणि ब्राउन या तिघांनी काँक्रीटच्या दंडगोलांना चहूबाजूंनी द्रवाचा दाब देऊन ते वरून दाबले, आणि त्यांना एक साधा, आजही वापरात असलेला संबंध सापडला: बाजूने जेवढा दाब द्यावा, त्याच्या सुमारे ४.१ पट ताकद काँक्रीटमध्ये वाढते. मला हा संबंध फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या आधाराने रिंगेचे काम आकड्यात मांडता येते.

ते मांडून पाहू. एका गोल कॉलमचा स्पायरलच्या आतला गाभा ४०० मिलिमीटर व्यासाचा आहे, स्पायरल १० मिलिमीटर सळईचा आहे, त्याच्या दोन वेढ्यांमधले अंतर ५० मिलिमीटर आहे आणि ते पोलाद ५०० मेगापास्कलला (मेगापास्कल हे दाब आणि ताण मोजण्याचे एकक) नमते. गाभा फुगू लागला की स्पायरल ताणला जातो, आणि पूर्ण ताणल्यावर तो गाभ्यावर सुमारे ३.९ मेगापास्कल दाब देतो. त्याला ४.१ ने गुणले की १६ मेगापास्कल येतात. मूळ काँक्रीटची ताकद २५ मेगापास्कल असेल तर गाभ्याची ताकद आता ४१ च्या घरात गेली, आणि सिमेंट एक चमचाही जास्त घातलेले नाही. आता तेच वेढे ३०० मिलिमीटर अंतरावर न्या. दाब सहापट घटून ०.६५ मेगापास्कल होतो. शिवाय दोन वेढ्यांच्या मधले काँक्रीट कमानीसारखे आत खचत असल्याने खरा परिणाम त्याहूनही कमी राहतो. ताकदीतली वाढ मग जेमतेम दीड-दोन मेगापास्कल उरते. कव्हर गळाल्यामुळे कॉलम जे गमावतो, त्याच्यापुढे एवढी वाढ काहीच नाही.

ताकदीतली ही वाढ उपयोगी आहेच, पण खरा लाभ दुसरीकडे आहे. मॅंडर, प्रीस्टली आणि पार्क या न्यूझीलंडमध्ये काम केलेल्या अभियंत्यांनी १९८८ मध्ये आवळलेल्या काँक्रीटच्या वर्तनाचे जे गणित मांडले, त्यानुसार ताकद जितक्या प्रमाणात वाढते, त्याच्या पाचपट प्रमाणात त्या ताकदीला पोहोचेपर्यंतचे आखडणे, म्हणजे लांबीतली घट, वाढते. वरच्या उदाहरणात ताकद साधारण ६४ टक्क्यांनी वाढली. सर्वोच्च भाराच्या वेळचे आखडणे मात्र मूळच्या चौपटीहून अधिक झाले. त्यानंतरही काँक्रीट एकदम फुटत नाही, हळूहळू उतरत जाते. चांगले आवळलेले काँक्रीट साध्या काँक्रीटच्या चार ते सोळा पट आखडूनही भार सोडत नाही. खडूची तार होते ती इथे.

एक बारकावा इथे सांगायला हवा. रिंग ही काँक्रीटला आधीपासून आवळून बसलेली नसते. भार कमी असताना ती जवळपास रिकामीच असते. काँक्रीट फुगू लागले की मगच तिच्यात ताण येतो. त्यामुळे रोजच्या वापरात, वर्षानुवर्षे, रिंगेने काही काम केल्याचे दिसत नाही, आणि त्यामुळेच ती कमी केली तरी काही बिघडत नाही असा समज होतो.

चौकोनी कॉलम, रिंगा आणि त्यांचे हूक

गोल स्पायरल सगळीकडून सारखा आवळतो, कारण वर्तुळ ताणले गेले तरी वर्तुळच राहते. चौकोनी रिंगेचे तसे नाही. काँक्रीट फुगले की रिंगेची सरळ बाजू धनुष्यासारखी बाहेर वाकते आणि तिथे तिचा धाक राहत नाही. रिंग खरी पकड घेते ती कोपऱ्यांवर. म्हणून रुंद कॉलमाला नुसती एक बाहेरची रिंग पुरत नाही. मधल्या सळयांना पकडणाऱ्या आडव्या जोडकड्या किंवा एकात एक बसणाऱ्या जास्तीच्या रिंगा द्याव्या लागतात, म्हणजे लांब बाजूलाही मध्ये मध्ये ‘कोपरे’ तयार होतात. त्याच पोलादाच्या वजनात एक जाड रिंग देण्यापेक्षा बारीक पण जवळजवळच्या आणि जास्त पायांच्या रिंगा देणे अधिक उपयोगी ठरते, ते या कारणाने.

रिंगांची दुसरी कामगिरी उभ्या सळयांसाठी असते. दोन रिंगांमधली उभी सळई म्हणजे एक बारीक, उंच खांबच. वरून दाब आला की ती बाहेर वाकू पाहते. कव्हर शाबूत असताना ते तिला थोडे अडवते, कव्हर गळाले की फक्त रिंग उरते. म्हणून भूकंपाच्या नियमांत रिंगांमधले अंतर उभ्या सळईच्या व्यासाच्या सहापटीच्या आत ठेवायला सांगतात. तिसरी कामगिरी शिअरची, म्हणजे कॉलमला कापू पाहणाऱ्या बलाची: आडव्या बलाने कॉलमात तिरका तडा जातो, तेव्हा तो तडा ओलांडून दोन्ही बाजूंना शिवून ठेवणारे पोलाद म्हणजे पुन्हा हीच रिंग. आवळणे, सळयांना थोपवणे आणि शिअर घेणे ही तिन्ही कामे एकच सळई करते आणि संपूर्ण कॉलममध्ये तीच सर्वांत बारीक असते.

एक नेहमीच्या आकाराचा कॉलम घेऊ: ३०० बाय ४५० मिलिमीटर, मोकळी उंची २७०० मिलिमीटर, १६ मिलिमीटरच्या आठ उभ्या सळया आणि ८ मिलिमीटरच्या रिंगा. फक्त उभ्या भाराचा विचार केला तर नियमाप्रमाणे रिंगा सुमारे २५० मिलिमीटरवर चालतात. पूर्ण उंचीत मोजल्या तर साधारण १२ होतात. भूकंपाचा विचार केला की वरच्या आणि खालच्या टोकांना, कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० मिलिमीटर यांतले जे सर्वांत जास्त असेल तेवढ्या लांबीत, दाट रिंगा हव्यात. या कॉलमात ती लांबी ४५० मिलिमीटर येते. तिथले अंतर लहान बाजूच्या चौथ्या भागाहून जास्त नको, म्हणजे ७५ मिलिमीटर. मधल्या भागात १५० मिलिमीटर. मोजल्यास २५ रिंगा होतात. म्हणजे १३ रिंगा जास्त लागल्या, प्रत्येकीचे वजन सुमारे अर्धा किलो, एकूण सात किलोच्या आसपास; मधल्या जोडकड्या धरल्या तर आणखी थोडे. त्याच कॉलमातल्या उभ्या सळयांचे वजन ३५ किलोच्या पुढे जाते. कॉलमचे शेवटचे वागणे ज्या पोलादावर अवलंबून आहे, ते पोलाद इतके थोडे असते.

आता हूक. रिंगेची दोन टोके जिथे मिळतात, तिथे ती ९० अंशांत वाकवून सोडण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, कारण तशी रिंग वळवायला सोपी आणि सळयांवर चढवायलाही सोपी. अशा रिंगेचे टोक कव्हरच्या काँक्रीटमध्ये, रिंगेच्या बाजूला समांतर पडून असते. भूकंपात सर्वांत आधी गळते ते कव्हर. कव्हर गेले की टोकाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. गाभ्याच्या फुगण्याने रिंग शांतपणे उघडते, पट्ट्याचे बक्कल सुटावे तशी. तिचे पोलाद कितीही चांगले असले तरी त्यातली एक टक्का ताकदही मग वापरली जात नाही. टोक १३५ अंशांत वळवले तर ते उभ्या सळईला वळसा घालून गाभ्याच्या आत शिरते, आणि गाभा जितका फुगेल तितके ते आणखी घट्ट धरले जाते. वळणानंतरची सरळ लांबी व्यासाच्या सहापट हवी. ८ मिलिमीटरच्या रिंगेला ती ४८ मिलिमीटर येते, पण संहिता ६५ किंवा ७५ मिलिमीटरची किमान मर्यादाही घालतात, त्यामुळे प्रत्यक्षात तीच लागू होते. हा ४५ अंशांचा फरक वळवणाऱ्याच्या हाताला थोडा जड जातो, हे खरे आहे. तरीही संपूर्ण कॉलममध्ये याहून मोलाचा बारकावा मला माहीत नाही. हे हूक एकाच सळईवर एकाखाली एक येऊ न देता प्रत्येक रिंगेला कोपरा बदलत न्यावेत, म्हणजे एखादा कोपरा कमजोर राहत नाही.

१७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे येथे हान्शिन द्रुतगती मार्गाचा सुमारे ६०० मीटरहून लांब उन्नत भाग एका बाजूला आडवा झाला. १९६० च्या दशकातल्या नियमांनी बांधलेले त्याचे एकेरी कॉलम आकाराने भरभक्कम होते. पण त्यांतले आडवे पोलाद आजच्या मानाने फार थोडे होते, आणि काही उभ्या सळया कॉलमच्या वाटेतच संपवलेल्या होत्या.

ताकद वाढवताना तन्यता कुठे हरवते

कॉलम कमकुवत वाटला की मनात सहज येणारा उपाय म्हणजे जास्त ग्रेडचे काँक्रीट आणि जास्त उभ्या सळया. दोन्ही उपायांनी ताकद वाढते यात शंका नाही. पण जास्त ताकदीचे काँक्रीट अधिक ठिसूळ असते. सर्वोच्च भारानंतर ते हळूहळू न उतरता कड्यावरून पडावे तसे कोसळते, आणि त्याला तेवढीच तन्यता द्यायची तर आवळणेही त्याच प्रमाणात वाढवावे लागते. ग्रेड वाढवली आणि रिंगा तशाच ठेवल्या, तर कॉलम अधिक बलवान आणि अधिक ठिसूळ झाला. पाण्याचा प्रश्न याहून साधा आहे: ओतायला सोपे जावे म्हणून मिश्रणात वाढवलेले पाणी ताकद, टिकाऊपणा आणि सळयांवरची पकड तिन्ही घटवते, आणि त्या बदल्यात काहीच देत नाही. सळया दाट असतील तर बारीक खडी, योग्य रसायन आणि नीट फिरवलेला व्हायब्रेटर हाच मार्ग आहे.

उभ्या सळया वाढवल्या की कॉलमची वाकण्याविरुद्धची ताकद वाढते, आणि तिच्यासोबत त्यात येणारा शिअरही वाढतो. कॉलमच्या दोन्ही टोकांना १५० किलोन्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर पूर्णपणे उभा राहिला, तर तीन मीटर उंचीत शिअर १०० किलोन्यूटन होतो. उभ्या सळया दुप्पट करून तो जोर वाढवला आणि रिंगा होत्या तेवढ्याच ठेवल्या, तर सळया नमण्याआधीच तिरका तडा जाऊन कॉलम कापला जातो. वाकून मोडणे आणि कापले जाऊन मोडणे यांत पहिले हळू होते आणि दुसरे क्षणात. म्हणून रचनाकार शिअरची ताकद नेहमी वाकण्याच्या खऱ्या, वाढीव ताकदीहून वर ठेवतो. याच कारणाने सळईचे पोलाद अपेक्षेहून फार जास्त मजबूत निघणे हीसुद्धा आनंदाची गोष्ट नसते. भूकंपरोधक बांधकामासाठी सळईची कमाल ताकद तिच्या नमण्याच्या ताकदीच्या किमान १.१५ ते १.२५ पट हवी, नमण्याची ताकद मात्र अवाजवी जास्त नको, अशी दुहेरी अट असते.

आखूड कॉलमाचे दुखणे यातलेच. कॉलमांच्या मध्ये अर्ध्या उंचीची भिंत घट्ट बांधली आणि वर खिडक्या सोडल्या, की तीन मीटरचा कॉलम प्रत्यक्षात एक मीटरचा होतो. कॉलमचा ताठरपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे तो शेजारच्या पूर्ण उंचीच्या कॉलमाहून २७ पट ताठर होतो आणि मजल्यावरचे आडवे बल त्याच्याकडेच धावते. वरच्या उदाहरणातला १०० किलोन्यूटनचा शिअर त्याच्या बाबतीत ३०० होतो. नकाशावर मात्र दोन्ही कॉलम एकाच नावाचे आणि एकाच आकाराचे असतात. अशा कॉलमाला पूर्ण उंचीत दाट रिंगा द्याव्यात किंवा भिंत आणि कॉलम यांच्यात फट सोडावी.

उभा भारही तन्यता खातो. कॉलमवर आधीच जितका जास्त दाब, तितके काँक्रीट चिरडण्याच्या जवळ, आणि आडव्या हालचालीसाठी तितकी कमी मोकळीक. हलक्या भाराच्या कॉलमात ताणाच्या बाजूच्या सळया आधी नमतात, जे हवे असते. फार जड भाराच्या कॉलमात सळया नमण्याआधीच दुसऱ्या बाजूचे काँक्रीट फुटते. म्हणून कॉलमचा आकार मुळातच थोडा सढळ ठेवणे हा तन्यतेचा निमूट पण खात्रीचा उपाय आहे. वास्तुरचनेच्या सोयीसाठी कॉलम भिंतीच्या जाडीत लपवण्याचा हट्ट धरला की हीच सढळता आधी जाते.

संपूर्ण सांगाड्याच्या पातळीवर एकच गोष्ट सांगतो. बीमने आधी नमावे, कॉलमने नंतर, ही शिस्त न्यूझीलंडच्या पार्क आणि पॉले यांच्या कामातून जगभर रुजली. एका जोडावर मिळणाऱ्या कॉलमांच्या वाकण्याविरुद्धच्या ताकदीची बेरीज बीमांच्या तशाच बेरजेपेक्षा जास्त हवी. किती जास्त, तर अमेरिकी संहितेत १.२ पट, युरोपात १.३, भारतीय संहितेत १.४. बीम नमला तर एक मजला कुरूप होतो, कॉलम नमले तर मजलाच खाली येतो.

जोडाविषयी मात्र थोडे थांबायला हवे, कारण तिथली चूक हातून सहज होते. कॉलम आणि बीम जिथे मिळतात त्या घनात चहूबाजूंनी सळया येतात आणि शिअर सर्वांत जास्त तिथेच असतो. बीमच्या सळया एकदा बसल्या की तिथे रिंग सरकवायला जागा राहत नाही, म्हणून फिटर ती सोडून देतो, आणि वरून पाहणाऱ्याला सळयांच्या गर्दीत ते लक्षातही येत नाही. बीमच्या सळया घालण्याआधीच ठरलेल्या संख्येच्या रिंगा कॉलमच्या सळयांवर चढवून खाली ठेवायच्या आणि बीम बांधता बांधता एकेक वर घेऊन बांधायची, एवढाच त्याचा उपाय. तसाच प्रश्न लॅपचा, म्हणजे खालची आणि वरची सळई काही लांबीत शेजारी ठेवून केलेल्या जोडणीचा. स्लॅबच्या लगेच वर सळया जोडणे सोयीचे असते, पण भूकंपात सर्वांत जास्त वाकणे तिथेच येते. कव्हर तडकले की लॅप घसरतो. लॅप कॉलमच्या मधल्या अर्ध्या उंचीत द्यावा, तिथेही रिंगा दाट ठेवाव्यात, आणि सगळ्या सळयांचा लॅप एकाच पातळीवर आणू नये.

उभ्या इमारतीतला कॉलम

आधीच बांधलेल्या कॉलमाला बाहेरून बळ देण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत. पहिला म्हणजे काँक्रीटचे जॅकेट: जुना पृष्ठभाग खरवडून, नव्या उभ्या सळया आणि दाट रिंगा बांधून भोवती साधारण १०० मिलिमीटर जाडीचा नवा थर ओतायचा. याने ताकद, ताठरपणा आणि तन्यता तिन्ही वाढतात, पण कॉलम जाड होतो आणि ताठरपणा वाढल्याने जास्त बलही ओढून घेतो. म्हणून एखाद-दुसऱ्या कॉलमालाच जॅकेट घालण्याआधी संपूर्ण इमारतीचे गणित पुन्हा करावे लागते. दुसरा मार्ग पोलादी जॅकेटचा: पत्र्याचे दोन अर्धे भाग कॉलमभोवती जोडून मधली पोकळी ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरायची. हे जॅकेट वरच्या बीमपर्यंत न भिडवता साधारण ५० मिलिमीटरची फट सोडतात, म्हणजे ते स्वतः भार न घेता फक्त आवळण्याचे काम करते. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात, कोबेच्या बरोबर एक वर्ष आधी, कॅलिफोर्नियातले काही पूल कोसळले. ज्यांच्या कॉलमांना आधीच अशी जॅकेटे घातली होती ते पूल मात्र चांगले टिकले.

तिसरा मार्ग कार्बन किंवा काचतंतूंच्या कापडाचा. इपॉक्सीत भिजवलेले हे कापड कॉलमभोवती असे गुंडाळतात की त्याचे तंतू आडवे राहतील. जाडी काही मिलिमीटरच वाढते, ताठरपणा फारसा बदलत नाही, तन्यता आणि शिअरची ताकद मात्र भरपूर मिळते. गोल कॉलमावर ते उत्तम काम करते. चौकोनी कॉलमाचे कोपरे आधी घासून साधारण २० ते ३० मिलिमीटर त्रिज्येचे गोल करावे लागतात, नाहीतर धारदार कोपऱ्यावर तंतू कापले जातात. आणि तरीही सपाट बाजूंवर पकड कमीच राहते. पोलाद नमते तसे हे तंतू नमत नाहीत, मर्यादेपर्यंत ताणले जाऊन एकदम तुटतात, म्हणून त्यांना पूर्ण क्षमतेपर्यंत न्यायचे नसते. आतल्या सळया गंजत असतील तर त्यांवर कापड गुंडाळणे म्हणजे रोग झाकणे होय. आधी सैल काँक्रीट काढून, गंज साफ करून, नवा भराव देऊनच पुढे जावे.

नव्या बांधकामात मात्र हे सगळे स्वस्तात मिळवण्याची एकच वेळ असते: सळयांचा पिंजरा उभा आहे, कव्हर ब्लॉक बांधले आहेत, आणि शटरिंग अजून बंद झालेले नाही. क्यूबचा निकाल काँक्रीटची ताकद सांगतो. रिंगा किती अंतरावर होत्या, हूक कोणत्या कोनात वळला होता, जोडात रिंग होती की नाही, यांतले काहीही तो सांगत नाही. त्या वेळी पिंजऱ्याच्या खालच्या टोकाशी टेप धरून सात-आठ रिंगांमधली अंतरे मोजावीत, दोन-चार हूक बोटाने चाचपून ते गाभ्याकडे वळलेले आहेत का ते पाहावे, मग शिडीवर चढून बीमच्या जोडात डोकावून तिथल्या रिंगा नकाशातल्या संख्येशी ताडून घ्याव्यात, आणि टेपसकट प्रत्येक कॉलमचे छायाचित्र काढून ठेवावे. एका कॉलमाला यासाठी दहा मिनिटे पुरतात.